सीमांकित फाइलीचे स्थिर-रुंदी फाइलीत रूपांतर

सीमांकित फाइलीचे स्थिर-रुंदी फाइलीत रूपांतर ही संगणकीय माहितीची मांडणी बदलण्याची एक प्रक्रिया आहे. सीमांकित फाइलीत एका नोंदीतील मूल्ये स्वल्पविराम, टॅब किंवा उभी रेघ यांसारख्या विभाजक चिन्हाने एकमेकांपासून वेगळी केलेली असतात. स्थिर-रुंदी फाइलीत असे चिन्ह नसते. प्रत्येक मूल्य ओळीतील ठरलेल्या स्थानापासून ठरलेल्या स्थानापर्यंत लिहिलेले असते. हे रूपांतर सहसा एखाद्या लहान आज्ञावलीने, म्हणजे स्क्रिप्टने केले जाते. बँकांच्या देयक प्रणाली, हवामानाच्या दीर्घकालीन नोंदी, सांख्यिकीय पाहण्या आणि मेनफ्रेम संगणकांवर चालणाऱ्या जुन्या आज्ञावली यांना माहिती पुरवताना त्याची गरज पडते.

वरवर पाहता हे काम मूल्यांच्या मागे-पुढे रिकाम्या जागा भरण्याएवढेच वाटते. मात्र सीमांकित फाइलीत मूल्याची लांबी कितीही असू शकते, तर स्थिर-रुंदी फाइलीत ती आधीच ठरलेली असते. त्यामुळे ठरलेल्या जागेत न मावणाऱ्या मूल्याचे काय करायचे, हा या रूपांतरातील खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आज्ञावलीत लिहिलेले नसेल तर संगणकीय भाषा आपल्या पद्धतीने ते देते, आणि ते बहुधा कोणालाही न कळता दिले जाते.

दोन मांडण्यांतील फरक

सीमांकित फाइल माणसाला आणि यंत्राला, दोघांनाही वाचायला तुलनेने सोपी असते. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे देण्याची प्रथा असल्याने फाइल स्वतःविषयी थोडीफार माहिती देते. स्वल्पविरामाने विभागलेल्या मांडणीला सीएसव्ही म्हणतात. ती अनेक दशके वापरात असली तरी तिचे नियम नोंदवणारे आरएफसी ४१८० हे टिपण २००५ साली प्रसिद्ध झाले. भारतात कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या मासिक विवरणपत्राच्या फाइलीत हॅश, टिल्ड, हॅश अशी तीन चिन्हे मिळून एक विभाजक वापरला जातो, तर उद्गम करकपातीच्या विवरणपत्रांत कॅरेट हे चिन्ह वापरतात. नावात किंवा पत्त्यात सहज येणार नाही असे चिन्ह निवडण्यामागे मूल्य आणि विभाजक यांची गल्लत टाळण्याचा हेतू असतो.

स्थिर-रुंदी फाइलीत मूल्याचा अर्थ त्याच्या स्थानावरून ठरतो. सातव्या स्थानापासून बाराव्या स्थानापर्यंत नाव आहे, हे फाइलीत कोठेही लिहिलेले नसते. ते वेगळ्या मांडणी तक्त्यात असते. तक्ता हरवला तर फाइल जवळजवळ निरुपयोगी होते. या मांडणीचा फायदा असा, की सर्व नोंदी समान लांबीच्या असल्याने कोणतीही नोंद थेट गाठता येते. नोंदीची लांबी ओळशेवटासह १०० बाइट असेल तर पाच हजारावी नोंद फाइलीच्या आरंभापासून ४,९९,९०० बाइटनंतर सुरू होते आणि तिच्या आधीचे काहीही वाचावे लागत नाही. सीमांकित फाइलीत हे शक्य नसते.

पार्श्वभूमी

स्थिर-रुंदी मांडणीचे मूळ छिद्रित कार्डांत आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी छिद्रित कार्डांवरील माहितीची मोजणी केली. पुढे १९२८ मध्ये आयबीएम कंपनीने आयताकृती छिद्रांचे, ८० उभ्या रकान्यांचे कार्ड आणले आणि तेच दीर्घकाळ प्रमाण राहिले. कार्डावर एका रकान्यात एकच अक्षर बसत असे. ८० जागांपैकी काही जागा केवळ विभाजकावर खर्च करणे परवडणारे नव्हते. शिवाय वर्गीकरण करणारी यंत्रे रकान्याच्या क्रमांकावरच चालत. फोरट्रान या भाषेत कार्डाचे १ ते ५ रकाने विधानाच्या क्रमांकासाठी, ६ वा रकाना विधान पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी आणि ७ ते ७२ हे रकाने प्रत्यक्ष विधानासाठी राखलेले असत. १९५९–६० मध्ये आखल्या गेलेल्या कोबोल या भाषेत तर प्रत्येक मूल्याची रुंदी घोषित केल्याशिवाय आज्ञावलीच लिहिता येत नाही.

कार्डे गेली, चुंबकीय फिती आल्या व गेल्या. मांडणी मात्र टिकून राहिली. अमेरिकेतील स्वयंचलित देयक जाळ्याच्या, म्हणजे एसीएचच्या फाइलीतील प्रत्येक नोंद ९४ अक्षरांची असते आणि नोंदींची संख्या दहाच्या पटीत आणण्यासाठी शेवटी ९ या अंकाने भरलेल्या ओळी जोडतात. भारतात १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीची कुटुंबनिहाय माहितीही दीर्घकाळ स्थिर-रुंदी मजकूर फाइलींच्या स्वरूपात अभ्यासकांना मिळत आली आहे. तिच्यासोबतच्या मांडणी तक्त्याशिवाय त्या फाइली म्हणजे अंकांची अखंड रांग दिसते.

मांडणी तक्ता

रूपांतराची सुरुवात आज्ञावलीने नव्हे, तर मांडणी तक्त्याने होते. तक्त्यात प्रत्येक रकान्यासाठी किमान चार गोष्टी लागतात : आरंभीचे स्थान, रुंदी, मूल्य डाव्या बाजूला टेकवायचे की उजव्या, आणि उरलेली जागा कशाने भरायची. मजकूर साधारणपणे डावीकडे टेकवून पुढे रिकाम्या जागा भरतात. संख्या उजवीकडे टेकवून अलीकडे शून्ये किंवा रिकाम्या जागा भरतात. पाचवी गोष्ट तक्त्यात अनेकदा राहून जाते : मूल्यच नसेल तर काय लिहायचे.

सीमांकित फाइलीत दोन विभाजक लागोपाठ आले की मूल्य नाही हे कळते. स्थिर-रुंदी फाइलीत ती जागा काहीतरी भरून पूर्ण करावीच लागते आणि संख्येच्या रकान्यात सरसकट शून्ये भरली तर ‘मोजलेच नाही’ याचे ‘शून्य मोजले’ असे होते. पावसाच्या नोंदींत हा फरक मोठा असतो. नोआ या अमेरिकी संस्थेच्या जीएचसीएन-डेली या जागतिक संग्रहाने त्यासाठी उणे ९९९९ हे मूल्य राखून ठेवले आहे. या संग्रहाची एक ओळ म्हणजे एका केंद्रावरील एका घटकाचा एक महिना. आरंभीची ११ स्थाने केंद्राच्या ओळखक्रमांकासाठी, पुढची ४ वर्षासाठी, २ महिन्यासाठी आणि ४ घटकाच्या नावासाठी असतात. त्यानंतर ३१ दिवसांचे प्रत्येकी ८ स्थानांचे गट येतात. गटात ५ स्थाने मूल्याची व ३ स्थाने गुणवत्तेसारख्या खुणांची असतात. ओळीची एकूण लांबी २६९ होते. महिना फेब्रुवारीचा असला तरी ३१ गट लिहावेच लागतात आणि नसलेल्या दिवसांच्या जागी उणे ९९९९ येते. पाऊस मिलिमीटरच्या दशांशात लिहिला जातो, म्हणजे २५.४ मिलिमीटर पाऊस २५४ असा नोंदवतात.

रूपांतराचे टप्पे

पुढील उदाहरणात तीन खात्यांची सीमांकित फाइल दिली आहे. विभाजक उभी रेघ आहे.

खाते|नाव|रक्कम
००४५१२|कमल|१२५०.५०
००४५१३|मदन|८०
००४६०१|शरद|१२,५००.७५

मांडणी तक्त्यानुसार १ ते ६ स्थानांत खाते क्रमांक, ७ ते १२ स्थानांत डावीकडे टेकवलेले नाव आणि १३ ते २१ स्थानांत पैशांत रूपांतरित केलेली रक्कम उजवीकडे टेकवून, अलीकडे शून्ये भरून लिहायची आहे. रूपांतरानंतरची फाइल अशी दिसते. रिकामी जागा येथे अधोरेषेने दाखवली आहे.

००४५१२कमल___०००१२५०५०
००४५१३मदन___०००००८०००
००४६०१शरद___००१२५००७५

आज्ञावली प्रथम शीर्षकाची ओळ वाचून बाजूला ठेवते आणि रकान्यांची नावे तक्त्यातील नावांशी जुळतात का ते पाहते. केवळ क्रमावर विसंबून राहिल्यास स्रोतफाइलीत कोणी मध्येच एक रकाना वाढवला की पुढची सर्व मूल्ये भलत्याच ठिकाणी जातात. त्यानंतर प्रत्येक ओळ विभाजकावर तोडली जाते, मूल्यांच्या कडेच्या निरर्थक रिकाम्या जागा काढल्या जातात, मूल्य अपेक्षित रूपात आणले जाते (वरील उदाहरणात हजारांचे स्वल्पविराम काढून रुपयांचे पैसे केले आहेत), लांबी तपासली जाते, भरण केले जाते आणि सर्व तुकडे जोडून ओळ लिहिली जाते.

ओळ तोडण्याचे काम दिसते तितके सरळ नाही. सीएसव्ही फाइलीत ज्या मूल्यात स्वल्पविराम आहे ते अवतरणचिन्हांत ठेवतात. भारतीय पत्त्यांत घर क्रमांक, गल्ली आणि पेठ यांच्यामध्ये स्वल्पविराम असतोच; रकमाही १,२५,००० अशा लिहिल्या जातात. अवतरणचिन्हांच्या आत ओळ मोडलेली असू शकते, आणि मूल्यातच अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहिलेले असते. म्हणून स्वल्पविराम दिसला की तोड, एवढ्याच नियमावर चालणारी आज्ञावली नमुन्याच्या दहा ओळींवर नीट चालते आणि खऱ्या फाइलीवर फसते. सीएसव्ही वाचण्यासाठी भाषेसोबत मिळणारे तयार ग्रंथालय वापरणे यासाठीच श्रेयस्कर मानले जाते.

न मावणारे मूल्य

ठरलेल्या रुंदीपेक्षा लांब मूल्य आले तर तीन गोष्टी घडू शकतात. पहिली, मूल्य पूर्ण लिहिले जाते आणि त्या ओळीतील पुढची सर्व मूल्ये उजवीकडे सरकतात. दुसरी, जादा अक्षरे कापली जातात. तिसरी, आज्ञावली थांबते.

कोणती गोष्ट घडेल हे भाषेनुसार बदलते. सी भाषेतून आलेल्या प्रिंटएफ या सूचनेत दिलेली रुंदी ही किमान रुंदी असते. लांब मूल्य ती कापत नाही, तर जसेच्या तसे लिहिते. कापायचे असेल तर मजकुरासाठी कमाल लांबी निराळी सांगावी लागते. पायथनमधील भरणाच्या सूचनाही असेच वागतात. याउलट पर्लमधील पॅक ही सूचना मजकूर ठरलेल्या लांबीला कापते. कोबोलमध्ये मजकूर लहान जागेत हलवला तर उजवीकडची अक्षरे जातात, पण संख्या हलवली तर डावीकडचे, म्हणजे सर्वांत मोठ्या किमतीचे अंक जातात.

परिणाम किती टोकाचे असू शकतात हे एका रकमेवरून दिसते. रक्कम पैशांत लिहिण्यासाठी ७ स्थाने दिली असतील तर त्यात ९९,९९९.९९ रुपयांपर्यंतची रक्कम मावते. एक लाख रुपये पैशांत १००००००० असे आठ अंकी होतात. डावीकडचा अंक कापला तर उरतात सात शून्ये, म्हणजे रक्कम शून्य. उजवीकडचा अंक कापला तर उरतात दहा हजार रुपये. काहीच कापले नाही तर पुढचा रकाना एका स्थानाने सरकतो. तेथे खाते क्रमांक असेल तर रकमेचे शेवटचे शून्य त्याचा पहिला अंक म्हणून वाचले जाते आणि त्याचा स्वतःचा शेवटचा अंक गळतो. तिन्ही वेळा तयार होणारी ओळ अंकांचीच असते. ती वाचणाऱ्या प्रणालीला तिच्यात वावगे काही दिसत नाही. सीमांकित फाइलीतील चूक सहसा रकान्यांची संख्या बिघडवते आणि त्यामुळे पकडली जाते. स्थिर-रुंदी फाइलीत तसा आधार नाही.

फोरट्रानने या प्रश्नाचे एक जुने व प्रामाणिक उत्तर दिले आहे. संख्या दिलेल्या रुंदीत मावत नसेल तर ती भाषा त्या जागी तारकाचिन्हे छापते. मूल्य जाते, पण ते गेल्याचे दिसते.

व्यवहारातील आज्ञावलीत मजकूर आणि संख्या यांना वेगळा नियम लावावा लागतो. अमेरिकी एसीएच नोंदीत व्यक्तीच्या नावासाठी २२ स्थाने असतात. लांब नाव तेथे कापावेच लागते आणि खाते क्रमांक वेगळा असल्याने त्यावाचून फारसे अडत नाही. रक्कम, खाते क्रमांक, दिनांक व ओळखक्रमांक मात्र कधीही कापता कामा नये. ते मावत नसतील तर फाइल तयारच न होणे योग्य. चुकलेल्या ओळी वगळून उरलेली फाइल लिहिण्याचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात वगळलेल्या व्यक्तीचे देयक मागे राहिल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे चांगली आज्ञावली आधी सर्व ओळी तपासते, ओळ क्रमांक, रकान्याचे नाव आणि मूळ मूल्य यांसह सर्व चुकांची यादी देते, आणि एकही चूक नसेल तेव्हाच फाइल लिहिते. लिखाण तात्पुरत्या नावाच्या फाइलीत करून शेवटी नाव बदलल्यास अर्धवट फाइल पुढे जाण्याचा धोका उरत नाही.

संख्या, शून्ये आणि चिन्हे

अनेक स्रोतफाइली आज्ञावलीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बिघडलेल्या असतात. तक्तापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये सीएसव्ही फाइल उघडून पुन्हा साठवली तर ००४५१२ चे ४५१२ होते, कारण सॉफ्टवेअर त्याला संख्या समजते. एक्सेलमध्ये संख्येचे १५ अर्थपूर्ण अंकच टिकतात. १६ किंवा अधिक अंकांच्या खाते क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात आणि ते परत मिळवता येत नाहीत. अलीकडे शून्ये भरून ४५१२ चे पुन्हा ००४५१२ करता येते, पण मूळ क्रमांक खरोखर सहा अंकीच होता हे माहीत असेल तरच. म्हणून ओळखक्रमांक आरंभापासून शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच हाताळतात.

रुपयांचे पैसे करताना द्विमान अपूर्णांक वापरल्यास एक पैसा हरवू शकतो. १९.९९ ला १०० ने गुणल्यावर बहुतेक भाषांत १९९९ च्या किंचित खालचे मूल्य येते आणि त्याचा पूर्णांक भाग घेतल्यास १९९८ उरतात. दशमान अंकगणित वापरणे किंवा दशांशचिन्हाभोवतीचा मजकूरच तोडून जोडणे हे दोन सुरक्षित मार्ग आहेत. वरील उदाहरणातील ‘८०’ या मूल्यात दशांशचिन्ह नाही. केवळ चिन्ह गाळणारी आज्ञावली त्याचे ८० रुपयांऐवजी ८० पैसे करील.

ऋण संख्यांत भरणाची शून्ये कोठे येतात हे पाहावे लागते. पायथनमध्ये उजवीकडे टेकवण्याच्या सूचनेने उणे ५ चे चार स्थानांत ‘००-५’ होते. शून्यभरणाची स्वतंत्र सूचना मात्र ‘-००५’ असे योग्य रूप देते. मेनफ्रेमवरील फाइलींत ऋण चिन्हाला वेगळी जागाच नसते; ते शेवटच्या अंकात मिसळलेले असते. उणे १२५ ही संख्या तेथे १२ आणि त्यापुढे रोमन लिपीतील एन हे अक्षर अशी दिसते, कारण जे ते आर ही अक्षरे ऋण संख्येच्या १ ते ९ या शेवटच्या अंकांसाठी वापरतात. ही पद्धतही कार्डावरील छिद्रांचाच वारसा आहे.

देवनागरी मजकुरातील रुंदी

‘रुंदी’ या शब्दाचा अर्थ रोमन लिपीपुरता स्पष्ट होता : एक अक्षर, एक बाइट, पडद्यावरील एक घर. देवनागरीत या तिन्ही गोष्टी वेगळ्या होतात. इस्की या भारतीय मानकात (आयएस १३१९४ : १९९१) प्रत्येक व्यंजन, मात्रा व हलन्त यांना एक बाइट पुरत असे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात यांपैकी प्रत्येकाला तीन बाइट लागतात.

‘ज्ञानेश्वर’ हे नाव घेतल्यास वाचणाऱ्याला ज्ञा, ने, श्व आणि र अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र हलन्त आणि मात्रा धरून ते १० चिन्हांचे आहे आणि यूटीएफ-८ मध्ये ३० बाइटांचे. मांडणी तक्त्यात रुंदी १० असे लिहिले असेल तर ती चिन्हांत मोजायची की बाइटांत, हे सांगितल्याशिवाय आज्ञावली लिहिता येत नाही. पायथनची आधुनिक आवृत्ती मजकुराची लांबी चिन्हांत मोजते. मेनफ्रेमवरील वाचक बहुधा बाइट मोजतो. वरील उदाहरणात काना, मात्रा आणि जोडाक्षरे नसलेली नावे घेतली आहेत आणि म्हणूनच तेथील ओळी डोळ्यांना सरळ दिसतात. बाइटांच्या हिशेबात मात्र ‘कमल’ ९ बाइटांचे असल्याने ६ बाइटांच्या रकान्यात मावणारच नाही.

कापण्याचा प्रश्न येथे अधिक बिकट होतो. ‘ज्ञानेश्वर’ दहाव्या बाइटनंतर कापले तर चौथ्या चिन्हाचा एकच बाइट उरतो; ही यूटीएफ-८ नुसार अवैध रचना असून अनेक प्रणाली ती संपूर्ण फाइल नाकारतात. आठ चिन्हांनंतर कापले तर फाइल वैध राहते, पण नाव ‘ज्ञानेश्’ असे हलन्त उरते. सहा चिन्हांनंतर कापल्यास ‘ज्ञाने’ मिळते, जे अपुरे असले तरी मोडलेले नाही. यासाठी कापण्याची जागा अक्षरसमूहाच्या सीमेवर आणावी लागते आणि उरलेली रुंदी रिकाम्या जागांनी भरावी लागते.

एकसारखे दिसणारे दोन शब्दही वेगळ्या लांबीचे असू शकतात. ‘तऱ्हा’ या शब्दातील ऱ हे एकच चिन्ह म्हणून लिहिता येते किंवा र आणि त्याखालील नुक्ता असे दोन चिन्हांत. पहिल्या प्रकारात शब्द पाच चिन्हांचा, दुसऱ्यात सहा चिन्हांचा होतो. जुन्या कळफलकांवर हाच आकार र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक यांनी उमटवला जाई. तेव्हाही चिन्हे सहाच होतात, पण वेगळी. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या सामान्यीकरणाने एकरूप होतात, तिसरा होत नाही. ‘ॲ’ हे अक्षरही स्वतंत्र चिन्ह म्हणून किंवा अ आणि चंद्र असे लिहिलेले आढळते आणि सामान्यीकरण त्यांना एक मानत नाही. नावांच्या फाइलींत हे सर्व प्रकार एकत्र सापडतात, म्हणून लांबी मोजण्यापूर्वी सामान्यीकरण करून उरलेले प्रकार आज्ञावलीत स्वतंत्रपणे हाताळतात.

देवनागरी अंकांचीही एक गंमत आहे. पायथनमध्ये एखादा मजकूर केवळ अंकांचा आहे का, या प्रश्नाला ‘१२५’ साठीही होकारार्थी उत्तर मिळते आणि त्याची संख्याही बरोबर तयार होते. त्यामुळे तपासणी पार पडते. पण मूल्य संख्या न करता मजकूर म्हणूनच पुढे लिहिले असेल तर घेणाऱ्या प्रणालीपर्यंत देवनागरी अंक पोहोचतात आणि ती बहुधा केवळ आंतरराष्ट्रीय अंकच ओळखते.

तयार फाइलीची तपासणी

स्थिर-रुंदी फाइलीची सर्वांत सोपी तपासणी तिच्या आकारावरून होते. नोंदीची लांबी आणि ओळशेवट यांची बाइटांतील बेरीज नोंदींच्या संख्येने गुणली की फाइलीचा आकार मिळायला हवा. ओळशेवट युनिक्स पद्धतीत एक बाइटाचा आणि विंडोज पद्धतीत दोन बाइटांचा असतो. हा फरक मांडणी तक्त्यात नमूद नसेल तर ८० ची नोंद ८१ किंवा ८२ बाइटांची होते. काही संपादक फाइलीच्या आरंभी तीन बाइटांची बीओएम खूण घालतात आणि त्यामुळे पहिली नोंद सरकते. काही संपादक ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा साठवताना काढून टाकतात. शेवटचा रकाना मजकुराचा असेल तर नोंदी आखूड होतात. म्हणून तयार फाइल ‘फक्त एकदा पाहण्यासाठी’ संपादकात उघडून साठवणे टाळतात.

आकार जुळला तरी मूल्ये बरोबर असतीलच असे नाही. त्यासाठी तयार फाइल मांडणी तक्त्याने पुन्हा वाचून मूळ सीमांकित फाइलीशी ताडून पाहतात. देयकांच्या फाइलींत नोंदींची संख्या आणि रकमांची बेरीज शेवटच्या ओळीत लिहिण्याची पद्धत आहे. एसीएच फाइलीत त्याशिवाय बँकांच्या ओळखक्रमांकांचीही बेरीज करून तिचे उजवीकडचे दहा अंक लिहितात. या बेरजेला स्वतःचा काही अर्थ नसतो. एखादा क्रमांक सरकला किंवा गळला तर ती जुळत नाही, एवढाच तिचा उपयोग. अशा बेरजा मूळ फाइलीवरून काढायला हव्यात. कापल्या गेलेल्या मूल्यांवरून काढलेली बेरीज कापलेल्या मूल्यांशी नेहमीच जुळते.

साधने

१९७७ मध्ये बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी तयार केलेली ऑक ही भाषा ओळ तोडून प्रिंटएफने लिहिण्याच्या कामासाठी सोयीची आहे आणि साध्या विभाजकाच्या फाइलीसाठी एक-दोन ओळींची आज्ञावली पुरते. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पर्लमध्ये पॅक आणि अनपॅक या जोडीने दोन्ही दिशांचे रूपांतर होते. पायथनमध्ये सीएसव्ही वाचण्याचे प्रमाण ग्रंथालय आहे, तर पांडाज या ग्रंथालयात स्थिर-रुंदी फाइल वाचण्याची तयार सोय आहे. भाषा कोणतीही असो, रुंदीचे आकडे आज्ञावलीत विखरून न ठेवता मांडणी तक्ता एका जागी ठेवण्याची पद्धत रूढ आहे. मग तोच तक्ता लिहिण्यासाठी आणि तपासणीच्या वाचनासाठी वापरता येतो.

रुंदी अपुरी पडल्याची उदाहरणे

ठरवलेली रुंदी कालांतराने अपुरी पडते, हा या मांडणीचा अंगभूत दोष आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या प्रोटीन डेटा बँकेची जुनी मांडणी ८० रकान्यांची होती आणि अणूच्या क्रमांकासाठी ७ ते ११ ही पाच स्थाने होती. त्यामुळे ९९,९९९ पेक्षा अधिक अणूंची रचना एका फाइलीत मावत नसे आणि रायबोसोमसारख्या मोठ्या रचना अनेक फाइलींत विभागून ठेवाव्या लागत. २०१४ मध्ये एमएमसीआयएफ ही नामांकित रकान्यांची मांडणी या संग्रहाची प्रमाण मांडणी झाली आणि विभागलेल्या रचना एकत्र आणता आल्या.

कृत्रिम उपग्रहांच्या कक्षा ६९ स्थानांच्या दोन ओळींत लिहिण्याची पद्धत आहे. तिच्यात वर्षासाठी दोनच स्थाने असल्याने ५७ ते ९९ हे अंक विसाव्या शतकातील आणि ०० ते ५६ हे एकविसाव्या शतकातील वर्ष मानतात. सीमा ५७ वर आहे, कारण पहिला उपग्रह स्पुटनिक १९५७ मध्ये सोडला गेला. उपग्रहाच्या क्रमांकालाही पाचच स्थाने आहेत. एक लाखापुढील क्रमांक याच पाच स्थानांत बसवण्यासाठी पहिल्या अंकाच्या जागी रोमन अक्षर वापरण्याची तोड काढण्यात आली. तिच्यात १,००,००० हा क्रमांक ए आणि चार शून्ये असा लिहितात, आणि एक व शून्य या अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून आय आणि ओ ही अक्षरे वगळली आहेत. अशा रीतीने ३,३९,९९९ पर्यंतचे क्रमांक त्या पाच स्थानांत मावतात.